१५०० मीटर, १६०० मीटर की मैल? धावण्याच्या शर्यतींची अंतरं ठरतात तरी कशी?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात २३ जुलै ते २ ऑगस्ट २०२६ या काळात राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा भरत आहे. तिच्या अ‍ॅथलेटिक्सच्या कार्यक्रमात एक मोठा बदल आहे. १५०० मीटरच्या शर्यतीऐवजी खेळाडू तिथे एक मैल धावणार आहेत. या स्पर्धेत मैलाची शर्यत याआधी शेवटची झाली ती १९६६ साली. म्हणजे तब्बल ६० वर्षांनी मैल परत आलाय.

दुसरीकडे महाराष्ट्रात पोलीस भरतीची तयारी करणारे लाखो तरुण रोज पहाटे ‘सोळाशे’ मारतात. अग्निवीर भरतीतही अंतर १.६ किलोमीटरच असतं. पण ऑलिंपिकमध्ये १६०० मीटरची वैयक्तिक शर्यत कुठेच सापडत नाही. तिथे १५०० असते.

मग १५०० कुठून आलं, १६०० कुठून आलं आणि मीटरच्या जगात मैल अजून टिकून कसा आहे? हे समजून घेतलं, तर ट्रॅकवरच्या बऱ्याच आकड्यांचा अर्थ लागतो. आणि भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी तर हा थेट गुणांचा प्रश्न आहे.

मैल, फर्लांग आणि गुंठा

आधी हिशोब पाहू. १९५९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर. १७६० यार्डांचा एक मैल, म्हणजे १६०९.३४४ मीटर.

इंग्लंडमध्ये धावण्याच्या शर्यती याच मापांवर उभ्या राहिल्या. २२० यार्ड म्हणजे एक फर्लांग. ४४० यार्ड म्हणजे पाव मैल. ८८० यार्ड म्हणजे अर्धा मैल. ट्रॅकसुद्धा बऱ्याचदा ४४० यार्डांचा असायचा. त्यामुळे चार फेऱ्या झाल्या की मैल पूर्ण.

ही मापं आपल्याला परकी नाहीत. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे जमीन मोजायच्या एका साखळीएवढी. दहा साखळ्यांचा एक फर्लांग, आठ फर्लांगांचा एक मैल. एक साखळी रुंद आणि एक फर्लांग लांब जमिनीचा तुकडा म्हणजे एक एकर. त्याचे ४० भाग केले की एक गुंठा. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेलं असतं, पण गावात जमिनीचा भाव आजही गुंठ्यावर नाहीतर एकरावर सांगितला जातो. कागद मीटरचा आणि बोलणं जुन्या मापाचं, अशी ही गंमत आहे. अ‍ॅथलेटिक्समध्येही नेमकं हेच झालंय.

ऑलिंपिकने मीटर का निवडलं?

आधुनिक ऑलिंपिकची कल्पना मांडणारे पिअर द कुबर्तँ फ्रेंच होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती १८९४ साली पॅरिसमध्येच स्थापन झाली. मीटर हे मापही फ्रान्सचंच अपत्य. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ते ठरलं आणि १८७५ साली पॅरिसमध्येच मीटरचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

त्यामुळे १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकपासूनच शर्यती मीटरमध्ये झाल्या. १००, ४००, ८०० आणि १५०० मीटर, शिवाय ११० मीटर अडथळा शर्यत आणि मॅरेथॉन, असा तो कार्यक्रम होता. पहिली १५०० मीटर जिंकली ऑस्ट्रेलियाच्या एडविन फ्लॅकने, ४ मिनिटं ३३.२ सेकंदांत. म्हणजे मैलाच्या संस्कृतीत वाढलेल्या खेळाडूने मीटरची पहिली मोठी शर्यत मारली.

आज आपल्याला हे आकडे स्वाभाविक वाटतात. पण त्या काळी ते तसे नव्हते. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही मोठ्या अ‍ॅथलेटिक्स देशांत यार्ड आणि मैल चालायचे. म्हणजे बरेचसे खेळाडू घरी एका मापावर धावायचे आणि ऑलिंपिकला गेले की दुसऱ्या.

मग १५०० हा आकडा आला कुठून?

१००, २००, ४००, ८०० ही मालिका दुपटीची आहे. पुढचा आकडा सरळ १६०० यायला हवा. तो मैलालाही जवळचा आहे. तरी निवड झाली १५०० मीटरची.

याचं प्रचलित स्पष्टीकरण ट्रॅकच्या लांबीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्स आणि युरोपातल्या काही देशांत ५०० मीटरच्या ट्रॅकची पद्धत होती. अशा ट्रॅकवर तीन फेऱ्या म्हणजे १५०० मीटर. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमधला ट्रॅक ५०० मीटरचाच होता आणि १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधलाही.

मुळात तेव्हा ट्रॅक किती लांबीचा असावा याचा एकच नियम नव्हता. अथेन्समध्ये १८९६ साली एक फेरी सुमारे ३३३ मीटरची होती. लंडनमध्ये १९०८ साली तीन फेऱ्यांचा एक मैल होईल असा, म्हणजे सुमारे ५३६ मीटरचा ट्रॅक बांधला होता. त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये ५ मैलांची शर्यत आणि ३ मैलांची सांघिक शर्यतही झाली. यजमान देशाच्या सवयी अशा मध्येच डोकं वर काढायच्या.

ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचा ट्रॅक पहिल्यांदा आला १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये. पुढे तोच जगभरचा मानक झाला. पण तोवर १५०० मीटरची शर्यत पक्की झाली होती. परिणाम असा की, आज ही शर्यत पावणेचार फेऱ्यांची आहे. ती सुरू एका ठिकाणी होते आणि संपते दुसऱ्या ठिकाणी. टीव्हीवर बघताना फेरीच्या वेळांचा हिशोब चुकतो तो याचमुळे. खेळाडू अंतिम रेषेवरून पहिल्यांदा जातात तेव्हा त्यांचे ३०० मीटर झालेले असतात, दुसऱ्यांदा ७०० आणि तिसऱ्यांदा ११००. मग शेवटच्या फेरीची घंटा वाजते.

मिल्खा सिंग यांचं सुवर्ण ४०० मीटरचं नव्हतं

ऑलिंपिक मीटरवर गेलं, तरी राष्ट्रकुल स्पर्धा यार्डावरच राहिली. १९३० साली कॅनडात हॅमिल्टनला ‘ब्रिटिश एम्पायर गेम्स’ या नावाने ती सुरू झाली आणि १९६६पर्यंतच्या आठही स्पर्धा यार्ड आणि मैलातच झाल्या.

याचं भारतातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे मिल्खा सिंग. १९५८ साली कार्डिफमध्ये त्यांनी अ‍ॅथलेटिक्समधलं भारताचं पहिलं राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं. सोशल मीडियावरच्या बऱ्याच पोस्टमध्ये ही शर्यत ४०० मीटरची असल्याचं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती ४४० यार्डांची होती, म्हणजे ४०२.३३६ मीटर. मिल्खा यांनी ती ४६.६ सेकंदांत जिंकली.

त्याच वर्षी, कार्डिफच्या काही आठवडे आधी, टोकियोच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २०० आणि ४०० मीटरची सुवर्णपदकं जिंकली होती. तिथे मोजमाप मीटरचं होतं. म्हणजे एकाच मोसमात एकच खेळाडू दोन वेगवेगळ्या अंतरांच्या ‘एका फेरीच्या’ शर्यती धावत होता.

२.३३६ मीटरने असा काय फरक पडतो? मिल्खा यांच्या कार्डिफमधल्या सरासरी वेगाने हिशोब केला, तर हे जादा अंतर कापायला सुमारे ०.२७ सेकंद लागतात. आता १९६०च्या रोम ऑलिंपिकचा निकाल पाहा. ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत तिसरा आला दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स आणि चौथे मिल्खा. हातातल्या घड्याळानुसार दोघांच्या वेळेत फरक होता ०.१ सेकंदाचा. स्वयंचलित यंत्रानुसार तो ०.१३ सेकंदाचा होता. याच स्पेन्सला मिल्खा यांनी कार्डिफमध्ये मागे टाकलं होतं.

या अडीच मीटरमुळे रोममधलं पदक गेलं, असा याचा अर्थ नाही. रोममध्ये सगळेच ४०० मीटर धावले. मुद्दा एवढाच आहे की, पदक ठरवणाऱ्या फरकापेक्षा दोन मापांमधला फरक दुप्पट मोठा होता. अशा वेळी यार्डातली वेळ आणि मीटरातली वेळ शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं ठरतं. एकाच मापाची गरज होती ती इथे.

१९७०चं एडिनबरा आणि १९७६चा निर्णय

ब्रिटनने १९६५पासून उद्योग-व्यवहारात मेट्रिक मापं आणायला सुरुवात केली. भारताने तर त्याआधीच, १९५६ साली वजन-मापांचा कायदा केला होता आणि १९५८पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने लागू केली होती. राष्ट्रकुल स्पर्धा मीटरवर आली १९७० साली एडिनबरामध्ये.

हा बदल एका खेळाडूच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतो. केनियाच्या किप केइनोने १९६६ साली जमैकातल्या किंग्स्टनमध्ये मैल जिंकला, ३ मिनिटं ५५.३ सेकंदांत. चार वर्षांनी एडिनबरामध्ये त्यानेच १५०० मीटर जिंकली, ३ मिनिटं ३६.६ सेकंदांत. राष्ट्रकुल स्पर्धेत मैलाचा शेवटचा विजेता आणि १५०० मीटरचा पहिला विजेता एकच.

त्यानंतर १९७६ साली जागतिक संघटनेने ट्रॅकवरच्या यार्ड आणि मैलातल्या अंतरांचे जागतिक विक्रम मोजणं थांबवलं. १०० यार्ड, ४४० यार्ड, ८८० यार्ड, ३ मैल, ६ मैल हे सगळे विक्रम इतिहासजमा झाले. अपवाद फक्त एका अंतराचा केला गेला. तो म्हणजे मैल.

हा अपवाद का, हे समजायला १९५४ साल आठवावं लागेल. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर यांनी मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पूर्ण केला. चार मिनिटांच्या आत मैल धावलेले ते पहिले खेळाडू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हँकूव्हरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बॅनिस्टर आणि ऑस्ट्रेलियाचे जॉन लँडी समोरासमोर आले. दोघंही चार मिनिटांच्या आत धावले आणि बॅनिस्टर जिंकले.

चार फेऱ्या, चार मिनिटं, प्रत्येक फेरी एका मिनिटाच्या आत. हे गणित अ‍ॅथलेटिक्सचा गंधही नसलेल्या माणसाला कळतं. १५०० मीटरसाठी असा सोपा आकडा नाही. ३ मिनिटं ३० सेकंद ही वेळ अप्रतिम आहे, पण ती अप्रतिम का, हे सामान्य प्रेक्षकाला समजावून सांगावं लागतं.

म्हणूनच जून २०२५मध्ये केनियाची फेथ किप्येगॉन पॅरिसमध्ये मैल चार मिनिटांच्या आत धावण्याच्या खास प्रयत्नाला उतरली, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. ती चार मिनिटं सहा सेकंदांच्या आसपास पोहोचली. खास परिस्थितीत झालेल्या या धावेला जागतिक विक्रम म्हणून मान्यता नव्हती. तिचा अधिकृत जागतिक विक्रम जुलै २०२३मध्ये मोनाकोत नोंदवलेला, ४ मिनिटं ७.६४ सेकंदांचा. पॅरिसनंतर काही दिवसांतच तिने अमेरिकेत युजीनला १५०० मीटरमध्ये ३ मिनिटं ४८.६८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. पण समाजमाध्यमांवर जास्त गाजली ती मैलाची हुकलेली संधी.

मीटरच्या आत लपलेले फूट आणि पौंड

नावं मीटरची झाली, तरी ट्रॅकवरची बरीच मापं मुळात फूट-यार्डाचीच आहेत. फक्त त्यांचं मीटरमध्ये रूपांतर झालंय.

पुरुषांची ११० मीटर अडथळा शर्यत घ्या. ती इंग्लंडमधल्या १२० यार्डांच्या शर्यतीतून आली. सुरुवातीपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरवर असतो, म्हणजे १५ यार्डांवर. दोन अडथळ्यांमध्ये ९.१४ मीटर, म्हणजे १० यार्ड. अडथळ्याची उंची १.०६७ मीटर, म्हणजे साडेतीन फूट. महाराष्ट्राच्या तेजस शिरसेने मे २०२४मध्ये फिनलंडमध्ये १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तो या यार्डांच्याच मांडणीवर.

स्टीपलचेसचंही तसंच. एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत कुंपणं आणि ओढे ओलांडत धावायची, अशी या शर्यतीची इंग्लंडमधली मूळ कल्पना. आज ती ३००० मीटरची आहे. तिच्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याचे अडथळे असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर यांच्यामुळे ही शर्यत मराठी घरांत पोहोचली. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेचं सुवर्ण हुकलं ते अवघ्या ०.०५ सेकंदाने.

अंतर मोजताना चूक झाली तर काय होतं, हेही याच शर्यतीने दाखवलंय. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फेऱ्या मोजण्यात गोंधळ झाला आणि अंतिम शर्यतीत सगळे खेळाडू एक फेरी जास्त धावले. फिनलंडचा इसो-होलो दोन्ही हिशोबांत पहिलाच होता. पण अमेरिकेचा जो मॅक्लस्की ३००० मीटर संपले तेव्हा दुसरा होता आणि जादा फेरीत तिसरा झाला. त्याला कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं.

गोळाफेकीचा पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा का, हा प्रश्नही अनेकांना पडतो. कारण तो १६ पौंडांचा आहे. हाच गोळा महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलं फेकतात. ट्रॅकवरची एक लेन १.२२ मीटर रुंद असते, म्हणजे चार फूट. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर म्हणजे १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधले २६ मैल ३८५ यार्ड.

पोलीस भरतीत १६०० का?

१६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर बरोबर चार फेऱ्या. मैलापेक्षा ९.३४४ मीटर कमी. मोजायला सोपं, सुरुवात आणि शेवट एकाच रेषेवर आणि मैलाच्या जवळचं. अमेरिकेतल्या शालेय स्पर्धांनी यार्ड सोडले, तेव्हा तिथेही १५०० ऐवजी १६०० आणि ३२०० मीटरच्या शर्यती आल्या. मैल आणि दोन मैल धावायची सवय मोडायची नव्हती, पण फेऱ्याही पूर्ण हव्या होत्या.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांच्या १६०० मीटरला २० गुण असतात. १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५. महिलांसाठी लांब धाव ८०० मीटरची. वेळ जसजशी वाढते, तसे गुण कमी होतात. एकेका गुणावर निवड अडकते, तिथे अंतर नेमकं मोजणं ही साधी गोष्ट राहत नाही.

तयारी करताना हे तीन मुद्दे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला, लेनचा. प्रमाण ट्रॅकवर ४०० मीटर ही लांबी फक्त पहिल्या लेनची, तीही आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजलेली. दुसऱ्या लेनमध्ये एक फेरी सुमारे ४०७ मीटरची होते आणि आठव्या लेनमध्ये सुमारे ४५३ मीटरची. गर्दीत सापडून कोणी चारही फेऱ्या दुसऱ्या लेनमधून धावला, तर तो सुमारे २८ मीटर जास्त धावतो. ५ मिनिटं १० सेकंदांत १६०० मीटर धावणाऱ्या मुलाचे त्यात पाच सेकंदांहून अधिक जातात. बाहेरून ओव्हरटेक करायचं असेल, तर ते वळणावर न करता सरळ भागात करावं, असं प्रशिक्षक सांगतात ते यासाठीच.

दुसरा, सरावाच्या मैदानाचा. गावातल्या शाळेच्या मैदानावर फक्कीने ट्रॅक आखतात, तेव्हा अनेकदा टेप आतल्या रेषेवरच धरतात. माणूस मात्र रेषेच्या थोडा बाहेरून धावतो. ३० सेंटिमीटर बाहेरून धावलं, तर दर फेरीला जवळजवळ १.९ मीटर वाढतात. चार फेऱ्यांत साडेसात मीटर. म्हणजे सरावातली वेळ दीड सेकंदाने जास्त दिसते. उलट चूक झाली आणि ट्रॅक तोकडा आखला गेला, तर सरावात वेळ छान येते आणि प्रत्यक्ष भरतीत धक्का बसतो.

तिसरा, मोबाइल अ‍ॅपचा. उपग्रहावर चालणारी मोजणी वळणावळणाच्या ट्रॅकवर नेमकी नसते. लांब रस्त्यावरच्या धावेसाठी ती ठीक आहे. पण एकेका सेकंदाचा हिशोब करायचा असेल, तर टेपने मोजलेला ट्रॅक आणि घड्याळ हेच खात्रीचं.

खेळाडूंसाठी १५०० आणि मैलात काय फरक?

मैल १५०० मीटरपेक्षा १०९.३४४ मीटरने लांब आहे. दोन्हींचे जागतिक विक्रम शेजारी ठेवले, तर वेळेतला फरक कळतो. मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजचा १५०० मीटरचा विक्रम ३ मिनिटं २६.०० सेकंदांचा, १९९८चा. मैलाचा ३ मिनिटं ४३.१३ सेकंदांचा, १९९९चा. दोन्ही रोममधलेच. मैलाची वेळ १५००च्या वेळेच्या सुमारे १.०८ पट भरते. किप्येगॉनच्या दोन विक्रमांचं गुणोत्तरही जवळपास तेवढंच आहे.

जागतिक संघटनाही हे नातं मान्य करते. पॅरिस २०२४ ऑलिंपिकच्या १५०० मीटरसाठी पुरुषांची पात्रता वेळ ३ मिनिटं ३३.५० सेकंद होती. त्याऐवजी मैल ३ मिनिटं ५०.४० सेकंदांत धावला असला तरी चालत होतं. २०२३ साली रिगामध्ये झालेल्या जागतिक रोड रनिंग स्पर्धेत तर रस्त्यावरच्या मैलाची वेगळी शर्यतच होती.

पण १६०० मीटरची वेळ म्हणजे मैलाची वेळ नव्हे. समजा, कोणी १६०० मीटर ३ मिनिटं ५९ सेकंदांत धावलं. त्याच वेगाने उरलेले ९.३४४ मीटर धरले, तर मैलाची वेळ होते ४ मिनिटं ०.४ सेकंद. म्हणजे ‘चार मिनिटांच्या आत मैल’ हुकला.

ग्लासगोच्या निर्णयाची दुसरी बाजू

मैल परत आणण्यामागचा विचार उघड आहे. ग्लासगोची स्पर्धा दहाच खेळांची आहे. हॉकी, बॅडमिंटन, कुस्ती, नेमबाजी, क्रिकेट असे भारताच्या आवडीचे अनेक खेळ त्यात नाहीत. अशा आटोपशीर स्पर्धेला स्वतःची ओळख हवी. बॅनिस्टर आणि लँडी यांचा वारसा राष्ट्रकुल स्पर्धेकडेच आहे आणि ऑलिंपिकमध्ये मैल नाही. त्यामुळे ही शर्यत वेगळी उठून दिसते. महिलांसाठी तर राष्ट्रकुल स्पर्धेतला हा पहिलाच मैल आहे. कारण १९६६पर्यंत महिलांच्या शर्यतींत तो नव्हताच.

पण याची किंमतही आहे. बर्मिंगहॅममध्ये २०२२ साली ऑस्ट्रेलियाच्या ऑलिव्हर होरने १५०० मीटरमध्ये ३ मिनिटं ३०.१२ सेकंदांचा स्पर्धा विक्रम केला. ग्लासगोत १५०० मीटरच नसल्यामुळे त्या विक्रमाला कोणी आव्हान देऊ शकत नाही. १९७०पासून चालत आलेली तुलनेची साखळी तिथे तुटते.

उलट मैलाच्या स्पर्धा विक्रमाचा आकडा अजून केइनोचा, १९६६चा आहे. तेव्हाचे मातीचे ट्रॅक आणि आजचे कृत्रिम ट्रॅक, तेव्हाचे बूट आणि आजचे बूट यांत मोठं अंतर आहे. आजच्या ऑलिंपिक पात्रतेची वेळच त्या विक्रमापेक्षा जवळजवळ पाच सेकंदांनी कमी आहे. शर्यत फार संथ झाली नाही, तर ‘६० वर्षांचा विक्रम मोडला’ अशा पोस्ट फिरू लागतील. त्या वाचताना एवढं लक्षात ठेवायला हवं, की मधल्या ५० हून अधिक वर्षांत त्या स्पर्धेत कोणी मैल धावलंच नव्हतं.

भारतीय धावपटूंपुढे प्रश्न आणखी व्यावहारिक आहे. आपल्याकडे शालेय स्पर्धांपासून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत सगळा सराव १५०० मीटरचा. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या १५०० मीटरमध्ये अजय कुमार सरोजने रौप्य आणि जिन्सन जॉन्सनने कांस्य मिळवलं. महिलांमध्ये हरमिलन बैन्सने रौप्य जिंकलं. पण मैलाच्या शर्यती भारतात क्वचितच होतात. शेवटचा जोर कधी लावायचा, हे १५०० मीटरमध्ये सरावाने अंगवळणी पडलेलं असतं. १०९ मीटरने लांबलेल्या शर्यतीत ते पुन्हा शिकावं लागतं. २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे. तिथे १५०० मीटर ठेवायची की मैल, हा निर्णय झाला की भारतीय प्रशिक्षकांना तयारीही त्यानुसार बदलावी लागेल.

ग्लासगोतली शर्यत बघायची असेल, तर सुरुवातीच्या रेषेकडे नीट पाहा. ती अंतिम रेषेच्या ९.३४ मीटर मागे असते. पहिली फेरी संपते तेव्हा घड्याळात दिसणारी वेळ ४०० मीटरची नसते. ती ४०९.३४ मीटरची असते. त्यानंतरच्या तीन फेऱ्या मात्र बरोबर ४०० मीटरच्या.